अलार्म एकच वाजतो, मग कधी एक बंब येतो आणि कधी दहा. हे ठरतं कसं?

रानवाट
आमच्या कार्यालयाच्या इमारतीतलं अग्निसुरक्षेचं काम नुकतंच माझ्याकडे आलं आहे. पॅनल, डिटेक्टर, पंप यांचं प्रशिक्षण झालं, पण पुढचा भाग कुणी नीट सांगितला नाही. अलार्म वाजल्यावर किंवा कुणी फोन केल्यावर अग्निशमन दलाच्या नियंत्रण कक्षात नेमकं काय होतं? बातम्यांत 'लेव्हल ३ ची आग', 'फाइव्ह अलार्म फायर' असं वाचतो. कधी एकच बंब येतो, तर कधी पहिल्याच वर्दीला, म्हणजे आगीच्या खबरीला, चार गाड्या आणि शिडी निघते. हे कोण ठरवतं आणि कशावरून? त्यांचा अंदाज चुकू नये म्हणून माझ्या बाजूनं काय करता येईल, तेही हवं आहे. जाणकारांनी सविस्तर लिहावं, ही विनंती.

जुनाजवान
नोकरीची बहुतेक वर्षं बंबावर गेली आणि शेवटची नियंत्रण कक्षात, म्हणून लिहितो.

पहिल्या गाड्या निघतात तेव्हा आमच्यापैकी कुणीही आग पाहिलेली नसते. नियंत्रण कक्षातल्या माणसासमोर फक्त वर्दी असते. ती कुठून आली, कशाची आहे आणि कोणत्या जागेची आहे, एवढ्यावर तो गाड्या काढतो.

कुठून आली याला फार वजन आहे. 'दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून ज्वाळा दिसतायत' असा फोन आला तर ती डोळ्यांनी पाहिलेली आग. एकाच पत्त्यावरून लागोपाठ फोन येऊ लागले की नियंत्रण कक्ष अधिकाऱ्यानं मागण्याआधीच गाड्या वाढवतो. कुणी कॉल पॉइंटची (भिंतीवरच्या, हातानं अलार्म देण्याच्या पेटीची) काच दाबली असेल तर निदान एका माणसाला काहीतरी जाणवलं आहे, असं धरतात. नुसत्या धुराच्या डिटेक्टरवरून आलेल्या वर्दीत मात्र अजून कुणी काही पाहिलेलं नसतं. तिला बरीच दलं एक-दोन गाड्या पाठवतात. काही ठिकाणी पहिली गाडी सायरन लावून जाते आणि बाकीच्या साध्या वेगानं येतात, कारण सिग्नल तोडत धावणाऱ्या गाड्यांच्या अपघातातही माणसं मरतात.

कशाची आहे यावरून गाड्यांचा संच ठरतो. रस्त्यावरच्या वाहनाला एक बंब पुरतो. घराच्या आगीला दोन-तीन बंब आणि एक अधिकारी लागतो. उंच इमारतीला शिडीची गाडी आणि जास्त माणसं लागतात, कारण सामान घेऊन जिना चढण्यातच निम्मी ताकद जाते. रसायन असेल तर वेगळं पथक आणि फोम. लिफ्टमध्ये कुणी अडकलं असेल तर बचावाची गाडी. हे सगळं आधीच कागदावर किंवा संगणकात लिहून ठेवलेलं असतं. ऐनवेळी विचार करायला लागू नये म्हणून.

तिसरी गोष्ट जागा. डिटेक्टर तोच, धूरही तेवढाच, पण वर्दी रुग्णालयातली असेल तर गाड्या जास्त निघतात. तिथली माणसं स्वतःच्या पायांनी बाहेर येणार नसतात.

पाणकळा
मग 'लेव्हल ३' म्हणजे आगीचा आकार का? मी तसंच समजत होते.

तारायंत्र
नाही, तो आकडा मागवलेल्या मदतीचा असतो. हे समजायला बॉस्टनच्या पेट्यांपर्यंत मागं जावं लागतं. माझा आवडता विषय आहे, म्हणून जरा लांबवतो.

१८५२ साली विल्यम चॅनिंग आणि मोझेस फार्मर या दोघांनी बॉस्टन शहरात तारायंत्रावर चालणारी आगीची सूचना यंत्रणा सुरू केली. रस्त्याच्या कोपऱ्यावर लोखंडी पेटी असे आणि आतली मूठ फिरवली की त्या पेटीचा क्रमांक तारेवरून मध्यवर्ती कार्यालयात जाई. तिथून घंटांच्या ठोक्यांनी तो शहरभर कळवला जाई. मूठ फिरवणाऱ्याला काही सांगता येत नसे. आग केवढी, कशाची, आत कुणी आहे का, यातलं काहीच त्या ठोक्यांत नव्हतं. कळायची ती फक्त जागा.

म्हणून अशा पेट्यांच्या शहरांत प्रत्येक पेटीसाठी एक कार्ड तयार केलं जाई. पहिल्या अलार्मला कोणत्या केंद्रांच्या गाड्या निघायच्या ते त्यावर लिहिलेलं असे. पोहोचलेल्या अधिकाऱ्याला त्या कमी पडतील असं वाटलं तर तो दुसरा अलार्म मागायचा, की कार्डावरच्या दुसऱ्या ओळीतली केंद्रं निघायची. मग तिसरा, चौथा, पाचवा. 'फाइव्ह अलार्म' म्हणजे कार्डाची पाचवी ओळ बाहेर पडली. ज्या केंद्रांच्या गाड्या गेल्या, तिथं लांबच्या केंद्रांच्या गाड्या आणून उभ्या करायच्या, हेही आधीच ठरलेलं असे. शहराचा एखादा भाग उघडा पडू नये, ही काळजी मला आगीकडे गाड्या पाठवण्याइतकीच महत्त्वाची वाटते.

न्यूयॉर्कमध्ये आजही अलार्म आकड्यांनीच मोजतात. खरी आग आहे हे पक्कं झालं की तिथला अधिकारी '१०-७५' हा संकेत देतो आणि त्यावर ठरलेली जादा मदत निघते. लंडनची रीत वेगळी आहे. तिथं अधिकारी रेडिओवर 'मेक पम्प्स सिक्स' म्हणतो, म्हणजे जागेवर एकूण सहा बंब हवेत. आधीचे चार आले असतील तर आणखी दोन निघतात. मुंबईत लेव्हल १ पासून चढत 'ब्रिगेड कॉल' या सर्वांत वरच्या पायरीपर्यंत जातात. ऑक्टोबर २०२० मध्ये नागपाड्याच्या सिटी सेंटर मॉलची आग आधी लहान समजली गेली आणि रात्रीतून लेव्हल ५ पर्यंत गेली. शेजारच्या उंच इमारतीतून सुमारे ३,५०० लोकांना बाहेर काढावं लागलं होतं.

त्यामुळे एका शहराची लेव्हल ३ आणि दुसऱ्या शहराचा तिसरा अलार्म यांची तुलना करू नये. दोन्हीकडे गाड्यांचे आकडे निराळे असतात.

पाणकळा
आता नीट कळलं. धन्यवाद, तारायंत्र.

मीरा_का
मी रुग्णालयात प्रशासनात आहे. आमच्याकडे अलार्म वाजला की बहुतेक वेळा धूळ, वाफ नाहीतर दुरुस्तीचं काम निघतं. दर वेळी बंब बोलवायचा, जवानांनी धावत यायचं, जिने चढायचे आणि परत जायचं, हे मला पटत नाही. त्याच वेळी दुसरीकडे खरी आग असेल तर? आधी आपला माणूस वर जाऊन पाहून येईल आणि मग फोन करायचा, यात चूक काय आहे?

जुनाजवान
मीराताई, तुमची अडचण खरी आहे आणि दलांनाही ती छळते. म्हणून काही ठिकाणी नियम बदलले आहेत. स्कॉटलंडच्या अग्निशमन सेवेनं १ जुलै २०२३ पासून कामाच्या ठिकाणच्या नुसत्या स्वयंचलित अलार्मला जाणं थांबवलं. आग आहे असं माणसानं कळवलं तरच गाडी निघते. लंडननंही ऑक्टोबर २०२४ पासून बहुतेक व्यावसायिक इमारतींसाठी दिवसाच्या वेळी असाच नियम केला. पण रुग्णालयं आणि जिथं माणसं झोपतात अशा जागा स्कॉटलंडनं या नियमातून वगळल्या आहेत. ते वगळणं मला योग्य वाटतं.

'आधी पाहून येऊ' याबद्दल मात्र एक घटना सांगतो. आमच्या प्रशिक्षणात ती शिकवायचे आणि मीही पुढं नव्या मुलांना शिकवली.

२३ फेब्रुवारी १९९१, फिलाडेल्फिया. वन मेरिडियन प्लाझा ही ३८ मजली कार्यालयांची इमारत. शनिवारची रात्र, आत मोजकी माणसं. बाविसाव्या मजल्यावर जवसाच्या तेलानं भिजलेल्या चिंध्या पडल्या होत्या. त्या आपोआप तापून पेटल्या आणि डिटेक्टर वाजला. इमारतीचा अभियंता काय झालंय ते पाहायला लिफ्टनं थेट त्याच मजल्यावर गेला. दार उघडलं आणि समोर धूर आणि उष्णता. दार बंद होईना. तो लिफ्टमध्येच खाली बसला आणि रेडिओवरून खालच्या रक्षकाला सांगत राहिला. रक्षकानं खालून लिफ्ट ओढून घेतली म्हणून तो वाचला. अलार्मवर लक्ष ठेवणाऱ्या कंपनीला सिग्नल मिळाला होता, पण तिनं आधी इमारतीलाच फोन करून विचारलं. अग्निशमन दलाला पहिली वर्दी दिली ती रस्त्यावरून जाणाऱ्या माणसानं. खिडकीतून धूर दिसला म्हणून.

पुढं ती आग १२ अलार्मपर्यंत गेली. आमच्यासारखेच तीन जवान त्यात गेले. आग मजल्यामागून मजला चढत राहिली आणि तिसाव्या मजल्यावर थांबली, कारण त्या मजल्यावर स्प्रिंकलर, म्हणजे उष्णतेनं आपोआप उघडून पाणी फवारणारी तोंडं, होते. दहा स्प्रिंकलर उघडले आणि तेवढ्यांनी ती रोखली.

तुमचा माणूस वर जाऊन पाहणार असेल तर जरूर पाहू दे. पण तो जिन्यानं जाईल, जोडीनं जाईल, हातात रेडिओ असेल आणि तो निघतानाच दुसरा कुणीतरी आम्हाला फोन लावत असेल. खोटा निघाला तर वाटेतल्या गाडीला परत फिरवणं सोपं असतं.

मीरा_का
ही घटना माहीत नव्हती. वाचून सुन्न झाले. आमच्या नियमावलीत 'खात्री करून कळवावे' असंच लिहिलं आहे, ते बदलायला लावते.

निरंजन_प
वेळेचा मुद्दा जोडतो. अमेरिकेच्या एनएफपीए १७१० या मानकात पूर्णवेळ दलांसाठी उद्दिष्टं दिली आहेत: वर्दी मिळाल्यावर ८० सेकंदांत गाडी केंद्राबाहेर, पहिला बंब २४० सेकंदांच्या प्रवासात जागेवर आणि पहिल्या अलार्मचा सगळा संच ४८० सेकंदांत. म्हणजे 'पाहून येऊ' यात चार मिनिटं गेली तर बंबाच्या अख्ख्या प्रवासाइतका वेळ हातातून गेला.

शिवणकर
मी अलार्म यंत्रणा बसवतो आणि सांभाळतो. वर सगळ्याला 'अलार्म वाजला' म्हटलं आहे, पण पॅनलवर येणारे सिग्नल तीन जातींचे असतात आणि त्यांची सरमिसळ झाली की घोटाळा होतो.

अलार्म म्हणजे आगीची शक्यता. सुपरव्हायझरी म्हणजे आग विझवण्याच्या व्यवस्थेत बिघाडासारखं काहीतरी: व्हॉल्व्ह बंद राहिला, टाकीतलं पाणी कमी झालं, पंप ऑटोवरून काढला. ट्रबल किंवा फॉल्ट म्हणजे वायर तुटली, बॅटरी गेली. शेवटच्या दोन्हींसाठी बंब बोलवायचा नसतो, तंत्रज्ञ बोलवायचा असतो. पण ते दाबून शांतही करायचे नसतात. बंद राहिलेला व्हॉल्व्ह आगीच्या दिवशीच आठवतो.

अलार्ममध्येही फरक आहे आणि रानवाट, तुमच्या कामाचा भाग हाच आहे. धुराचा एकटा डिटेक्टर धुळीनं, वाफेनं, आत शिरलेल्या किड्यानं वाजू शकतो. उष्णतेचा डिटेक्टर उशिरा वाजतो, पण खोटा क्वचित निघतो. एकाच झोनमधले दोन डिटेक्टर वाजले तर शंका ठेवू नका. आणि पॅनलवर स्प्रिंकलरचा वॉटर फ्लो दिसला तर नळातून पाणी खरोखर वाहतं आहे. लाल काचेचा स्प्रिंकलर ६८ अंश सेल्सिअसला फुटतो, धुळीनं फुटत नाही. फार तर नळ फुटला असेल किंवा कुणाचा धक्का लागला असेल, पण तोवर आग आहे असंच धरायचं.

हे सगळं पॅनलच्या पडद्यावर लिहून येतं. फोनवर सांगताना ते वाचून दाखवा: 'चौथा मजला, पूर्वेचा झोन, दोन धुराचे डिटेक्टर आणि वॉटर फ्लो.' 'अलार्म वाजतोय' यापेक्षा कितीतरी जास्त कळतं.

जुनाजवान
शिवणकरांनी लिहिलं तसं कुणी वाचून दाखवलं तर नियंत्रण कक्षातला माणूस मनातल्या मनात आभार मानतो. वॉटर फ्लो ऐकला की आम्ही एकट्या डिटेक्टरची वर्दी समजत नाही.

रानवाट
हे ताबडतोब पॅनलजवळ लिहून लावतो. एक विचारू का? पहिला अंदाज कमी निघाला तरी अधिकारी पोहोचल्यावर लेव्हल वाढवतोच. मग पहिल्या वर्गीकरणाला एवढं महत्त्व का?

तारायंत्र
कारण वर्दीच्या वर्गाबरोबर एक अख्खी कल्पना येते आणि ती गाड्या वाढवून बदलत नाही. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरचं उदाहरण घ्या.

१४ जून २०१७, रात्री १२ वाजून ५४ मिनिटांनी पहिला फोन. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये फ्रिजला आग. फ्लॅटची आग फ्लॅटमध्येच राहते, भिंती आणि दारं तिला अडवतात, असं धरून त्या वर्गाची सगळी आखणी झालेली होती. पहिल्यांदा चार बंब निघाले आणि १२:५९ ला पहिले जवान पोहोचले. वेळेच्या हिशोबात तिथं काही कमी पडलं नाही. पण आग बाहेरच्या आवरणाला लागून वर चढली. बंब वाढत वाढत ४० झाले, तरी वरच्या मजल्यांवरून फोन करणाऱ्यांना घरातच थांबायला सांगितलं जात होतं, कारण तो सल्ला 'फ्लॅटची आग' या कल्पनेतून आलेला होता. तो २ वाजून ४७ मिनिटांनी बदलला. ७२ माणसं गेली.

म्हणून मला वाटतं की लेव्हल वाढवणं ही एक गोष्ट आणि 'ही आपण समजलो ती आग नाही' हे मान्य करणं ही दुसरी गोष्ट. पहिलीसाठी रेडिओवर एक वाक्य पुरतं. दुसरीसाठी ज्या माहितीवर पहिला वर्ग ठरला तीच पुन्हा तपासावी लागते. लंडननं नंतर उंच इमारतीच्या वर्दीला पहिल्यापासून पाच बंब आणि शिडीची गाडी पाठवायला सुरुवात केली. ते चांगलंच झालं, पण त्यानं दुसरा प्रश्न सुटत नाही.

जुनाजवान
अगदी बरोबर. मी तर म्हणेन की पोहोचल्यावर अधिकाऱ्याचे पहिले रेडिओ शब्द सर्वांत मोलाचे. 'बाहेरून काही दिसत नाही', 'धूर दिसतो', 'ज्वाळा दिसतात', 'आत माणसं असल्याचं कळतं'. 'काही दिसत नाही' म्हणजे आग नाही असं होत नाही. काचा बंद असलेल्या इमारतीत आतला मजला पेटलेला असूनही बाहेर काही कळत नाही. म्हणून जवान पॅनलपाशी जातात, झोन पाहतात, वर जातात.

'आत माणसं आहेत' या तीन शब्दांनी तर सगळंच बदलतं. जवान एरवी घेणार नाहीत असा धोका पत्करतात. ३ डिसेंबर १९९९ ला अमेरिकेतल्या वूस्टर शहरात रिकाम्या पडलेल्या शीतगोदामाला आग लागली. तिथं दोन बेघर माणसं राहत होती. त्यांच्याच मेणबत्तीनं आग लागली होती आणि ती कुणाला न सांगता निघून गेली होती. आत कुणी असेल म्हणून जवान शोधायला गेले, वाट हरवले, त्यांना शोधायला दुसरे गेले. सहा जण परत आले नाहीत.

रानवाट, जमण्याच्या जागी हजेरी घेणारा माणूस तुम्ही ठरवला असेलच. त्यानं फाटकाशी यावं आणि पहिल्या अधिकाऱ्याला स्पष्ट सांगावं: सगळे बाहेर आहेत, किंवा अमुक मजल्यावरचे दोन जण दिसत नाहीत, त्यांना शेवटचं अमुक ठिकाणी पाहिलं. 'बहुतेक सगळे आले' असं सांगितलं तर अधिकाऱ्याला आत माणसं आहेत असंच धरावं लागतं.

पाणकळा
खोटी वर्दी निघाली तर फोन करणाऱ्यावर कारवाई होते का? घाबरून कितीतरी लोक फोनच करत नाहीत.

निरंजन_प
ब्रिटनमधल्या नोंदीत खोट्या वर्दीचे तीन प्रकार करतात: खोडसाळ, यंत्रणेमुळे आलेली आणि सद्हेतूनं दिलेली. वाफ पाहून धूर वाटला आणि फोन केला, हा तिसरा प्रकार. शिक्षेचा विषय खोडसाळ वर्दीचा असतो.

जुनाजवान
सद्हेतूनं दिलेल्या वर्दीवर मी कधीही कुणाला रागावलो नाही आणि माझ्या हाताखालच्यांना रागावू दिलं नाही. ओरडा खाल्लेला माणूस पुढच्या वेळी वाट बघत बसतो. ज्या इमारतीचा डिटेक्टर पुन्हा पुन्हा तेच करतो तिला मात्र नोटीस जायलाच हवी. तिथली माणसं अलार्म ऐकून जागची हलेनाशी होतात. ते मला आमच्या फेऱ्या फुकट जाण्यापेक्षा जास्त भयंकर वाटतं.

शिवणकर
आणि त्या डिटेक्टरला कॅप लावून ठेवणं हा उपाय नाही. जागा बदला, वाफेच्या जागी उष्णतेचा बसवा, काम चालू असेल तेवढाच झोन लेखी नोंद करून बंद ठेवा आणि संध्याकाळी चालू केल्याची सही घ्या. ही सही राहून गेलेल्या इमारती मी पाहिल्या आहेत.

मीरा_का
शेवटचं एक. रात्रपाळीचा रक्षक आवाज थांबवायला पॅनल रीसेट करतो. नंतर पुन्हा वाजलं तर तो 'मघाचंच आहे' म्हणतो. अशा वेळी काय करायचं?

शिवणकर
आधी हे लिहून लावा: आवाज बंद करणं आणि रीसेट करणं ही दोन वेगळी बटणं आहेत. आवाज बंद केला तरी कोणता डिटेक्टर वाजला ते पडद्यावर राहतं. रीसेट केलं की ती खूण पुसली जाते. मेमरीत नोंद असते, पण रात्री ती कोण शोधणार? पाहणी होऊन दलाचा अधिकारी सांगेपर्यंत रीसेटला हात लावायचा नाही.

जुनाजवान
आणि रीसेटनंतर पुन्हा वाजला तर ती नवी वर्दी. डिटेक्टरमध्ये अजूनही काहीतरी शिरतंय असा त्याचा अर्थ. पुन्हा फोन करा आणि 'रीसेट केल्यावर दुसऱ्यांदा वाजला' हे शब्द मुद्दाम सांगा. गाडी वाटेत असेल तर तिच्या अधिकाऱ्याला ते रेडिओवर कळवलं जातं, आणि एकच गाडी निघालेली असेल तर मी तरी तेवढ्यावर दुसरी काढली असती.

मीरा_का
दोन्ही मुद्दे उद्याच्या रात्रपाळीच्या सूचनेत घालते. रक्षकांना पॅनलपाशी नेऊन दोन्ही बटणं दाखवते.